टिरॅनोसॉर

दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांचा एक गट. यातला टिरॅनोसॉरस रेक्स सर्वांच्या ओळखीचा. त्याचा सांगाडा बार्नम ब्राउन यांना १९०२ मध्ये अमेरिकेतील माँटाना राज्यात, हेल क्रीकच्या खडकांत सापडला. हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न यांनी १९०५ मध्ये त्याचे नामकरण केले. टिरॅनोसॉरस म्हणजे जुलमी सरडा आणि रेक्स म्हणजे राजा.

हा राजा मात्र फार उशिरा, डायनोसॉरयुगाच्या अगदी अखेरीस अवतरला. चीनमध्ये सापडलेला त्याचा पूर्वसंबंधी ग्वानलाँग सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा असून जेमतेम तीन मीटर लांब होता. पुढची कोट्यवधी वर्षे या गटातले बहुतेक प्राणी लहानच राहिले. चीनमधीलच डीलाँगच्या जीवाश्मात (२००४) पिसांसारखे तंतू आढळले. तेवढ्या लहान जिवाला ऊब हवीच, असे तेव्हा म्हणता आले. पण २०१२ मध्ये वर्णन झालेला युटिरॅनस नऊ मीटर लांब आणि सुमारे १,४०० किलो वजनाचा होता, तरी त्यालाही पिसे होती. टी. रेक्सच्या त्वचेचे जे मोजके ठसे मिळाले, त्यांत मात्र खवले दिसतात.

हाडांच्या आतली नोंद त्याहून बोलकी आहे. हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वाढीची वलये दिसतात. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘स्यू’ हा १२ मीटरहून लांब सांगाडा १९९० मध्ये साउथ डकोटात सापडला. वलये मोजून २००४ मध्ये त्याचे मृत्यूसमयीचे वय सुमारे २८ वर्षे ठरवले गेले. ऐन वाढीच्या वयात टी. रेक्सचे वजन दिवसाला सुमारे दोन किलोने वाढत असावे, असेही त्याच अभ्यासात दिसले. हे आकडे अंतिम नव्हेत. टी. रेक्सची पिल्ले समजले जाणारे काही लहान सांगाडे नॅनोटिरॅनस या वेगळ्याच प्राण्याचे आहेत, असे २०२५ च्या संशोधनात मांडले गेले. पिल्लेच वेगळ्या जातीची निघाली, तर वाढीचे गणित नव्याने मांडावे लागते.

स्यूच्या मोडून पुन्हा जुळलेल्या फासळ्या सांगतात की दुखापतीनंतरही तो प्राणी जगला. जबड्यातील भोके पारव्यांना होणाऱ्या एका परजीवी रोगासारख्या संसर्गाची असावीत, असे एक मत आहे.

आहाराचा पुरावा कधी विष्ठेतही मिळतो. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील ४४ सेंटिमीटर लांबीच्या अश्मीभूत विष्ठेत हाडांचा चुरा भरलेला होता. टी. रेक्सची मानली जाणारी ही विष्ठा दाखवते, की तो मांसाबरोबर हाडेही फोडून गिळत असे. कॅनडातल्याच आल्बर्टा प्रांतातील गोर्गोसॉरस या दुसऱ्या टिरॅनोसॉरच्या एका अल्पवयीन प्राण्याच्या पोटात तर पक्ष्यांसारख्या दोन छोट्या डायनोसॉरांचे मागचे पाय जसेच्या तसे मिळाले (२०२३). मोठेपणी अवजड शाकाहारी प्राण्यांवर तुटून पडणारे हे प्राणी लहानपणी चपळ, छोटी शिकार करत. एकाच गटाने दोन शिकाऱ्यांची जागा व्यापली होती.

भारतात टिरॅनोसॉर नव्हते. त्या काळी उत्तरेकडील खंडांपासून तुटलेल्या भारतात अ‍ॅबेलिसॉर हे मोठे शिकारी होते. नर्मदेच्या खोऱ्यातील राजासॉरस (२००३) त्यांपैकीच. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळते. त्या विष्ठेत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखले गेले.