वाळून पुन्हा जगणारे जीव : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

शेवाळात राहणारे टार्डिग्रेड, म्हणजेच जलअस्वले (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी), ठार वाळतात आणि पाणी मिळताच पुन्हा चालू लागतात, हे आज बहुतेकांनी ऐकलेले असते. पण ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. मेलेला जीव परत जगूच शकत नाही, या धारणेचा त्यात वाटा होताच. तरी आमच्या मते मोठा घोळ घातला तो सुकवण्याच्या पद्धतीने. प्राणी जगणार की मरणार, हे पाणी किती सावकाश उडते यावर ठरत होते, आणि तो वेग बराच काळ कोणी मोजलाच नाही.

सुरुवात 1702 ची. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणाऱ्या लेवेनहुकने छताच्या पन्हळीतली कोरडी माती काचेच्या नळीत घेतली, त्यावर उकळून गार केलेले पाणी ओतले आणि तासाभरात त्यात रोटिफर (पाण्यात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म प्राणी) पोहताना पाहिले. पाणी उकळलेले होते, म्हणजे जीव मातीतूनच आले असणार. मात्र त्याने काढलेला अर्थ वेगळा होता: यांची कातडी इतकी घट्ट आहे की आतला ओलावा बाहेर पडतच नाही. 1743 मध्ये नीडहॅम या इंग्रज अभ्यासकाने रोगट गव्हाचा दाणा फोडला. आतले पांढरे तंतू पाण्यात पडताच वळवळू लागले. ते सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, होते.

कळीचे निरीक्षण इटलीच्या स्पालान्झानीचे, 1776 चे. रोटिफर नुसत्या काचेवर सुकवले तर ते परत उठत नाहीत, वाळूत सुकवले तर उठतात, असे त्याला दिसले. वाळूत अशी कोणती जादू होती? कणांच्या सांदीत पाण्याचा पातळ थर अडकून राहतो आणि हळूहळू उडतो. उघड्या काचेवरचा थेंब मात्र शेवटी झटकन संपतो. प्राण्याला पाय आत ओढून अंग आखडायला वेळच मिळत नाही. तो पसरलेल्या अवस्थेतच चपटा होऊन काचेला चिकटतो. नीट वाळलेला टार्डिग्रेड याउलट पिंपासारखा गोल दिसतो आणि त्याच्या शरीरात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाद पेटला. 1842 मध्ये डॉयेरने दाखवले, की कोरडे टार्डिग्रेड पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वरची उष्णताही काही मिनिटे सोसतात. ओले असताना तेच प्राणी 50 अंशांच्या आसपास मरतात. रूआँ शहरातला निसर्गशास्त्रज्ञ पूशे हे मानायला तयार नव्हता. अखेर पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेने समिती नेमली आणि पॉल ब्रोकाने 1860 मध्ये अहवाल लिहिला. 82 दिवस निर्वातात ठेवून नंतर 100 अंशांवर अर्धा तास तापवलेले प्राणीही पाण्यात पुन्हा हलले होते. लेवेनहुकचे ‘आत ओलावा राहतो’ हे स्पष्टीकरण त्यानंतर टिकणे कठीण होते. 1959 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड कीलिनने या सगळ्या इतिहासाचा आढावा घेतला आणि चयापचय जवळजवळ किंवा पूर्ण थांबलेल्या, पण पूर्ववत होऊ शकणाऱ्या या अवस्थेला ‘क्रिप्टोबायोसिस’ हे नाव दिले.

वेग का महत्त्वाचा, हे पेशींच्या पातळीवर कळले ते 1970 नंतर. अफेलेंकस अव्हेनी हा सूत्रकृमी 97 टक्के आर्द्रतेत सुमारे तीन दिवस ठेवला, तर तो साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) आणि चरबी वापरून ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतो. मग त्याला पूर्ण सुकवता येते. ही पायरी गाळून थेट कोरड्या हवेत ठेवला, तर तो मरतो. प्रयोगशाळेत अशी आर्द्रता राखणे अवघड नाही: बंद भांड्यात पोटॅशियम सल्फेट या क्षाराचे संपृक्त (आणखी क्षार विरघळणार नाही असे) द्रावण ठेवले, की 25 अंशांना आतली आर्द्रता साधारण 97 टक्क्यांवर स्थिर राहते. तापमान मात्र हलू देऊ नये. थोडा गारवा आला तरी बाष्पाचे दव होते आणि सुकू घातलेले प्राणी पुन्हा भिजतात.

ट्रेहॅलोजचे काम जॉन क्रो आणि सहकाऱ्यांनी 1984 च्या सुमारास उलगडले. पाणी गेल्यावर पेशीपटलातील (पेशीच्या पातळ आवरणातील) मेदरेणू एकमेकांना खेटतात, आणि पुन्हा भिजताना पटल गळते. साखरेचे रेणू पाण्याच्या जागी बसून ही दाटी टाळतात. आफ्रिकेतील पॉलिपेडिलम वँडरप्लँकी या माशीच्या अळ्या खडकांवरच्या उथळ डबक्यांत राहतात. दोन दिवस सावकाश सुकवल्या, तर त्यांच्या कोरड्या वजनाच्या जवळपास पाचवा भाग ट्रेहॅलोज होते; काही तासांत सुकवल्या, तर साखर पुरेशी बनत नाही आणि त्या उठत नाहीत. याहून थक्क करणारी बाब अशी, की मेंदू काढून टाकलेल्या अळ्याही हे सारे करू शकतात. म्हणजे हुकूम मेंदूतून सुटत नाही. पाणी कमी होत असल्याचे ऊतींनाच कळते.

तरीही साखर हे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. ज्या रोटिफरांपासून हा शोध सुरू झाला, त्यांच्या बडेलॉइड गटात ट्रेहॅलोज सापडलेच नाही, असे 2003 मध्ये दिसून आले. टार्डिग्रेडांच्या अनेक जातींतही ते अगदी कमी किंवा नसल्यात जमा असते. 2017 मध्ये त्यांच्यात ठरावीक घडी नसलेली काही प्रथिने आढळली. सुकताना ती काचेसारखी घट्ट होतात आणि पेशीतील इतर रेणूंना जागच्या जागी धरून ठेवतात. काही जाती ही प्रथिने कायम बाळगून असतात, तर काही सुकणे सुरू झाल्यावरच ती वाढवतात. दुसऱ्या प्रकारच्या जातींना म्हणूनच सुकण्याआधी जास्त वेळ द्यावा लागतो.