बाहेरून बी.ए.: इतिहासाच्या दूरस्थ पदवीची पार्श्वभूमी

नोकरी सांभाळून किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता इतिहास विषय घेऊन बाहेरून बी.ए. करायचे, तर आज प्रवेश अर्जापासून अभ्याससाहित्यापर्यंत बरेच काही मोबाइलवर उरकते. ही सोय इंटरनेटमुळे आली असे वाटते. तिचे मूळ मात्र 1858 सालच्या एका निर्णयात आहे. त्या वर्षी लंडन विद्यापीठाने नव्या सनदेनुसार, विद्यार्थी कुठे आणि कसा शिकला याची चौकशी न करता त्याला परीक्षेला बसू देण्याचे ठरवले आणि शिकवणे व पदवी देणे या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात हे मान्य केले. 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही लंडनच्याच धर्तीवर परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. फरक एवढाच की, येथे संलग्न कॉलेजात टर्म भरण्याची अट कायम राहिली आणि ज्याला गाव सोडणे शक्य नव्हते त्याच्यासाठी पदवीचा रस्ता बंदच राहिला.

भारतात ही कोंडी फुटली ती 1962 मध्ये, दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा. कॉलेजांतील जागा अपुऱ्या पडत होत्या आणि नवी कॉलेजे काढायला पैसा नव्हता, म्हणून डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या समितीने ही योजना सुचवली होती. कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ; पण आरंभ झाला तो बी.ए.पासून, कारण प्रयोगशाळा पोस्टाने पाठवता येत नाही आणि इतिहासाची टिपणे पाठवता येतात. इतिहासाला दूरशिक्षणात सुरुवातीपासून जागा मिळाली ती या व्यावहारिक कारणाने, विषयाच्या थोरवीमुळे नव्हे. मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये आपले पत्रद्वारा शिक्षण संचालनालय काढले. छापील टिपणे घरी येत, अधूनमधून संपर्क वर्ग होत आणि निकाल ठरत असे तो वर्षाअखेरच्या लेखी परीक्षेवर.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाची पहिली तुकडी शिकू लागली. 1969 मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठात प्रवेशासाठी आधीच्या पात्रतेची अट नव्हती आणि व्याख्याने बीबीसीवरून प्रसारित होत. हा नमुना भारतात प्रथम 1982 मध्ये आंध्र प्रदेशाने उचलला, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू उभे राहिले आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद सांभाळले होते. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रे आणि मराठीतून लिहिलेली स्वयंअध्ययनाची पुस्तके यांमुळे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद निव्वळ घोषणा राहिले नाही.

दूरस्थ इतिहासाचा खरा बदल या पुस्तकांच्या घडणीत दिसतो. इग्नूच्या इतिहासाच्या पुस्तिकेत प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे असतात, मध्ये ठरावीक अंतराने स्वतःची समज तपासण्याचे प्रश्न येतात आणि शेवटी त्यांची उत्तरे व कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात. शिक्षक समोर नसताना विद्यार्थी कुठे अडेल याचा विचार करूनच ती लिहिली जाते. त्या अभ्यासक्रमात भारताबरोबर चीन आणि जपानच्या इतिहासालाही स्वतंत्र स्थान मिळाले. हे साहित्य प्रामुख्याने इंग्रजी व हिंदीत असल्याने मराठी विद्यार्थ्याला ते थोडे परकेच राहिले. तरीही 2005 मध्ये ई-ज्ञानकोश हे इग्नूचे ऑनलाइन साहित्यभांडार सुरू झाल्यावर प्रवेश न घेतलेल्यांनीही ते वाचले, आणि स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर फारच.

नियमांची बाजू त्या मानाने उशिरा सावरली. 2013 मध्ये दूरशिक्षणाचे नियमन इग्नूकडून विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले. 2020 च्या विनियमांनी दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन पद्धती वेगळ्या ठरवल्या: दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची मर्यादा, ऑनलाइनला ती नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. ‘बाहेरून केलेली पदवी चालते का?’ हा प्रश्न नोकरीच्या अर्जापाशी तरीही निघतोच.

या साऱ्यात इतिहासाची मूळ साधने, म्हणजे जुनी पत्रे आणि दफ्तरे, सर्वांत मागे राहिली. पुण्याचे पेशवे दफ्तर किंवा 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या संग्रहांपर्यंत पोहोचण्यासाठी पुण्यालाच जावे लागे आणि पोस्टाने टिपणे मागवणाऱ्याच्या वाट्याला ती संधी क्वचितच येई. आता राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आणि राज्याची जुनी गॅझेटिअर घरबसल्या उघडतात. मात्र कागद पडद्यावर दिसला तरी मोडी लिपी वाचता आल्याशिवाय पेशवेकालीन पत्र उलगडत नाही, आणि बी.ए.ची परीक्षा, दूरस्थ असो वा नियमित, ते कौशल्य सहसा मागतच नाही.