न खाल्लेली साखर येते कुठून?

कर्बोदके अगदी कमी केलेल्या मधुमेहींपैकी काहींना एक कोडे हमखास पडते. रात्रीच्या जेवणात पिष्टमय पदार्थ नावापुरतेच असतात, तरी सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर झोपण्यापूर्वीच्या साखरेपेक्षा जास्त भरते. आधी ग्लुकोमीटरवर संशय येतो. पण यंत्र बहुधा ठीक असते आणि पोटात न गेलेली साखर रक्तात येणारच नाही, हा समजच तपासून पाहावा लागतो.

ही साखर यकृत तयार करते. प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि एकट्या मेंदूला एरवी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. त्यामुळे यकृत रात्रभर थोडे थोडे ग्लुकोज रक्तात सोडत राहते. त्यातले काही ग्लायकोजेनमधून, म्हणजे यकृतात साठवलेल्या ग्लुकोजच्या राखीव साठ्यातून येते. उरलेले ते नव्याने बनवते आणि त्यासाठी प्रथिनांतील अमिनो आम्ले, मेदातील ग्लिसरॉल व तांबड्या पेशींनी टाकून दिलेले लॅक्टेट वापरते. तांबड्या पेशींत मायटोकाँड्रिया ही ऊर्जाकेंद्रेच नसल्याने त्या ग्लुकोजचे लॅक्टेट करतात, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते, आणि १९४७ चे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाणारे हे चक्र अखंड चालू राहते.

या उत्पादनाला लगाम घालते इन्शुलिन, आणि तेही दोन वाटांनी. एक तर ते यकृताला थेट थोपवते. शिवाय मेदपेशींतून मेदाम्ले सुटू देत नाही. ही दुसरी वाट मला अधिक रंजक वाटते. मेदाम्ले यकृतात जळताना ॲसिटिल-को-ए नावाचे संयुग तयार होते, ते पायरुव्हेट कार्बोक्झिलेज या विकराला (एन्झाइमला) चेतवते, आणि ग्लुकोजनिर्मितीची पहिलीच पायरी वेग घेते. टाइप २ मधुमेहात दोन्ही वाटांवर इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो, त्यातच पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांची भर पडते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः यकृताच्या याच उत्पादनाला आवर घालते. म्हणून 'मी कर्बोदके खातच नाही, मग गोळी कशाला?' हा युक्तिवाद टिकत नाही.

कर्बोदके कमी केल्याने जेवणानंतरची उसळी पहिल्या दिवसापासून घटते, हा लाभ खराच. उपाशीपोटीची साखर मात्र वजनाबरोबर यकृतातला मेद उतरेल तशी सावकाश खाली येते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने घटलेले वजन पुष्कळसे पाण्याचे असते, कारण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो आणि हा साठा रिता होताना तेही निघून जाते. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी हमी देणारे हेच आकडे मिरवतात. औषधे थांबवल्यावर किमान ३ महिने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्क्यांखाली राहिले, तर वैद्यकशास्त्र त्याला रोगशमन म्हणते. वजन पुन्हा वाढले की साखरही बहुधा परतते.

आहार बदलण्यापूर्वी औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक आहे. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली, म्हणजे धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. टाइप १ मध्ये तर आहार कोणताही असो, इन्शुलिन बंद करता येत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळाच धोका संभवतो, कारण ग्लुकोमीटरवर साखर जवळपास सामान्य दिसत असतानाही रक्तात कीटोन (मेद जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचून रक्त आम्लधर्मी होऊ लागते. अशा व्यक्तीला मळमळ, पोटदुखी किंवा धाप जाणवली, तर साखरेच्या आकड्यावर न विसंबता ताबडतोब कीटोन तपासून घ्यावेत.