खवल्यांवर जाऊ नका, अळंबीखाली कागद ठेवा

श्रावण लागला की आमच्या ग्रुपवर फोटो यायलेत बघा. आंब्याच्या पडलेल्या खोडावर पांढरट छत्र्या, त्यावर तपकिरी खवले, आणि प्रश्न ठरलेला, खायला चालती का? मग कुणीतरी ठोकून देतंच की लाकडावरची चांगली असती, उकिरड्यावरची विषारी. हे साफ खोटं आहे. थंड प्रदेशात गॅलेरिना मार्जिनाटा नावाची बारकी तपकिरी अळंबी कुजक्या लाकडावरच येते आणि तिच्यात अ‍ॅमाटॉक्सिन नावाचं विष असतं, शिजवलं तरी न जाणारं, लिव्हर निकामी करणारं.

खवल्यांवरून पण फसायला होतं. काही अळंब्यांवर ते कोवळेपणीच्या आवरणाचे तुकडे असतात, जोराच्या पावसात धुऊन जातात, आणि काहींवर टोपी वाढताना वरची कातडीच फाटून उभी राहते. लाकडावरची लेंटिनस स्क्वॅरोसुलस खवल्यांची आणि फोलिओटा पण खवल्यांचीच. पण पहिलीचे बीजाणू (अळंबीचं बारीक पुडीसारखं बी) पांढरे, दुसरीचे तपकिरी, म्हणून त्यांचा ठसा घ्यायचा. देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवा, कागद अर्धा काळा अर्धा पांढरा, वर वाटी झाका, रात्रभर हलवू नका. सकाळी टोपीखालच्या पातळ पडद्यांची रेघन् रेघ उमटलेली असते.

आता एवढ्या सरळ रेघा येतात कशा, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. बीजाणू नुसता गळून पडत नाही, तो उडतो! त्याच्या बुडाशी साखरेसारखे पदार्थ असतात, ते हवेतली वाफ ओढतात आणि तिथं एक थेंब वाढत जातो, बुलर नावाच्या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा पिच्छा पुरवला म्हणून त्याला बुलरचा थेंब म्हणतात. बीजाणूच्या अंगावर पण पाण्याचा पातळ थर असतोच. थेंब त्या थराला टेकला की अळूच्या पानावरच्या दोन थेंबांसारखे झटकन एक होतात, पृष्ठताणाची ऊर्जा मोकळी होते, वस्तुमान एकदम सरकतं आणि त्या हिसक्यानं बीजाणू सुटतो, वेग सेकंदाला मीटरभर! पण एवढ्याशा जिवाला हवा म्हणजे चिखलच, मिलिमीटरचा काही भाग जाईपर्यंत तो थांबतो, म्हणजे समोरच्या पडद्याला न चिकटता बरोबर मधल्या फटीत, आणि तिथून सरळ खाली. टोपी वाळली तर थेंबच धरत नाही, म्हणून वाटी झाकायची.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, असल्या परीक्षा सोडून द्या, अ‍ॅमाटॉक्सिनचं चांदीशी काही देणंघेणं नाही. त्याची उलटी-जुलाब सुरू व्हायलाच साधारण 6 ते 24 तास लागतात, मधे बरं वाटतं आणि आतून लिव्हर जात असतं.

आणि ठसा पांढरा आला म्हणून कढई चढवू नका, अमॅनिटा नावाच्या जीवघेण्या अळंब्यांचा ठसा पण पांढराच असतो. फोटो टाकताना टोपीची खालची बाजू, देठाचं बूड, लाकूड कशाचं ते आणि हा ठसा, एवढं टाका.