जास्वंद हलवायची, तर मुळं दीड महिना आधी छाटा

कुंपणालगतच्या जुन्या जास्वंदीच्या जागी कागदी लिंबू लावायचं, असं पुष्कळ बागांमध्ये ठरतं, कारण दिवसभर ऊन येणारा कोपरा तेवढाच असतो. जास्वंद हलवता येते. पण हलवायच्या दिवशीच पहिली कुदळ मारली, तर ती बहुधा वाळते.

खोडाजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वाहून नेतात. पाणी शोषायचं काम टोकांकडच्या कोवळ्या केशमुळांचं. ती बहुतेक वरच्या 30-45 सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. झाड हलवताना मुळांभोवतीच्या मातीचा जो गोळा आपण उचलतो, त्यात जाड मुळं येतात, पाणी पिणारी मागे राहतात. पानं मात्र सगळी शाबूत असतात आणि पर्णरंध्रांतून पाणी उडतच राहतं.

म्हणून नवी केशमुळं गोळ्यालगत आधीच फुटवून घ्यायची. जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर खोडाची जाडी मोजा. 4 सेंटिमीटर असेल, तर मेच्या मध्यावर खोडाभोवती 40 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा. त्यातल्या अर्ध्या भागावर 30 सेंटिमीटर खोल चर खणून मुळं धारदार कात्रीने कापा. कुदळीने तोडलेली मुळं चिरफळतात आणि कुजतात. चर माती आणि कंपोस्टने भरून ओला ठेवा. उरलेलं अर्धं वर्तुळ दोन-तीन आठवड्यांनी. कापलेल्या टोकांना नवी मुळं फुटतात ती बाहेर, चरातल्या भुसभुशीत मातीत. त्यामुळे शेवटी खणताना चराच्या बाहेरून, 50 सेंटिमीटर व्यासावर खणायचं. नेमकी इथेच चूक होते: लोक जुन्याच रेषेवर कुदळ घालतात आणि दीड महिन्याची कमाई तोडून टाकतात.

मृगाचा पाऊस बसला की आर्द्रात, ढगाळ दिवस बघून संध्याकाळी हलवा. माती वाफशावर हवी, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली. काळी माती चिखल असताना खणली तर गोळा पायाशीच ढासळतो, शिवाय नव्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात आणि मुळांना त्या भेदता येत नाहीत. भिंती काट्याने खरवडून घ्या.

नवा खड्डा आधी तयार ठेवा, गोळ्याच्या दुप्पट रुंद. खोली मात्र गोळ्याएवढीच, किंवा दोन बोटं कमी, कारण भुसभुशीत माती खचते. खोड पूर्वीपेक्षा खोल गाडलं, तर बुंधा कुजतो. गोळा खालून सोडवला की तो तिरका करून गोणपाट सरकवा आणि सुतळीने आवळा. ओल्या मातीसकट तो 70 किलोंच्या वर सहज जातो. दोघांनी गोणपाटावरून ओढत न्यावा. खोड धरून उचललं तर राहिलेली मुळंही तुटतात.

छाटणी किती करावी यावर मतभेद आहेत. एक तृतीयांश पुरे, असं आमचं मत. नव्या मुळांना चालना देणारं ऑक्सिन हे संप्रेरक शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि मुळांना लागणारी साखरही पानंच पुरवतात, तेव्हा झाड बोडकं करण्यात फायदा नाही. कळ्या मात्र सगळ्या खुडा. छाटलेल्या काड्या फेकू नका. 15-20 सेंटिमीटरच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात लगेच मुळं धरतात. मूळ झाड गेलंच तर तो विमा.

माती भरताना पाणी सोडत जा, म्हणजे पोकळ्या बुजतात. पायांनी तुडवू नका. वर पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. युरिया वगैरे दोन महिने नको. क्षारांनी कोवळी मुळं करपतात. पहिल्या दोन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळणं साहजिक आहे. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं, तर आणखी पाणी घालू नका, कारण गुदमरलेली मुळं पाणी ओढत नाहीत. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा.

रिकाम्या जागेतली जास्वंदीची जाड मुळं वेचून काढा, नाहीतर वाळवी लागते. मग लिंबासाठी 60 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि खोलीचा खड्डा करून रोप किंचित उंचवट्यावर लावा. बुंध्याशी पाणी साचलं की लिंबाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो, म्हणून आळं खोडापासून हातभर दूर ठेवा.