मधुमेहात मूत्रपिंड जपणारे प्रथिन आणि तुमची लघवीची तपासणी

सप्रेम नमस्कार,

मधुमेहाच्या तपासण्यांसाठी आमच्या प्रयोगशाळेत नेहमी येणारे काही ग्राहक अलीकडे ‘क्लोथो’ या प्रथिनाची चौकशी करतात आणि त्याची तपासणी करून द्याल का, असेही विचारतात. आम्ही ती करत नाही. त्यामागचे कारण समजण्यासाठी हे प्रथिन काय काम करते ते आधी पाहणे सोयीचे होईल.

१९९७ साली जपानमधील माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे जनुक प्रथम वर्णिले. ज्या उंदरांमध्ये ते निकामी होते ते लहान वयातच म्हातारे दिसू लागले आणि सरासरी दोन महिन्यांत दगावले. म्हणूनच आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचे नाव या प्रथिनाला मिळाले. शरीरात ते सर्वाधिक तयार होते मूत्रपिंडातच, तेही तेथील सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये. पेशीच्या पृष्ठभागावर राहणारे क्लोथो हाडांकडून आलेल्या एका संप्रेरकाला साथ देते आणि जादा फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकण्याचा निरोप मूत्रपिंडापर्यंत पोहोचवते. त्याचा काही भाग तुटून रक्तात मिसळतो आणि मूत्रपिंडात व्रणासारखी घट्ट ऊती साचवणाऱ्या संदेशांना, विशेषतः ‘टीजीएफ-बीटा’च्या संदेशाला, आवर घालतो.

दीर्घकाळ वाढलेली साखर आणि तिच्यामुळे होणारा दाह यांनी क्लोथोची निर्मिती घटते. क्लोथो घटले की व्रण साचण्याचा वेग वाढतो, आणि व्रणांनी भरलेले मूत्रपिंड आणखी कमी क्लोथो तयार करते, असे हे दुष्टचक्र आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत बाहेरून क्लोथो पुरवल्यावर मूत्रपिंडाची हानी कमी झालेली दिसली आहे. माणसांसाठी मात्र त्याचे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही, त्यामुळे ‘क्लोथो वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर पैसे खर्च करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. रक्तातील क्लोथो मोजता येते, परंतु वेगवेगळ्या किटवर वेगवेगळे आकडे येतात आणि कोणत्या आकड्याला धोक्याचा म्हणावे याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. ज्या आकड्यावरून डॉक्टरांना उपचार बदलता येणार नाहीत, तो अहवालात छापणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तुमच्या अहवालात ‘लघवीत प्रथिन’ असे लिहिलेले असते ते अल्ब्युमिन; त्याचा क्लोथोशी घोटाळा करू नये. अल्ब्युमिन रक्तातच राहायला हवे. मूत्रपिंडाची गाळणी सैल पडली की ते लघवीत झिरपू लागते. (‘प्रथिन निघून जाते’ हे वाचून काही जण प्रथिनाची पावडर सुरू करतात, तसे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही करू नये.) लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर प्रति ग्रॅम ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, ३० ते ३०० या टप्प्यात बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यात रक्तदाब, साखर व डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी मूत्रपिंडाची झीज मंदावण्यास चांगला वाव असतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर, तर पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर ही तपासणी सुरू करून पुढे दरवर्षी, रक्तातील क्रिएटिनिनसह, करावी. एकदाच आकडा वाढलेला आढळला तर घाबरून जाऊ नये. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले असतील तरच तो पक्का धरला जातो.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा: सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार आम्ही दिलेल्या बाटलीत घ्यावी आणि झाकण घट्ट लावून ती त्याच सकाळी आमच्याकडे पोहोचवावी. ताप, लघवीचा संसर्ग किंवा मासिक पाळी असताना, तसेच आदल्या दिवशी कष्टाचा व्यायाम झालेला असल्यास आकडा खोटा वाढू शकतो. अशा वेळी काउंटरवर तसे सांगावे, आम्ही पुढची तारीख देऊ.