बिग टेनचा २०२० चा अंतिम सामना आणि रद्द झालेली सहा सामन्यांची अट

९ डिसेंबर २०२० रोजी बिग टेन या अमेरिकन कॉलेज फुटबॉल कॉन्फरन्सने, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेने, हंगामाआधी स्वतःच घातलेली एक अट रद्द केली. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यासाठी पात्र ठरायचं तर संघाने किमान सहा सामने खेळलेले असावेत, अशी ती अट होती. ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ पाचच सामने खेळला होता. पाचही जिंकला होता आणि देशातल्या पहिल्या चार संघांत त्याची गणना होत होती. अट काढली गेली, ओहायो स्टेट पात्र ठरला आणि दहा दिवसांनी, १९ डिसेंबरला, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये तो नॉर्थवेस्टर्नविरुद्ध उतरला. ओहायो स्टेटने तो सामना २२-१० असा जिंकला.

त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. तो नीट समजून घ्यायचा तर २०२० च्या बरंच मागे जावं लागतं, कारण या कॉन्फरन्सची स्थापनाच मुळी खेळावर शिक्षकांचा अंकुश असावा म्हणून झाली होती.

जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात मिडवेस्टमधल्या विद्यापीठप्रमुखांची बैठक बोलावली. तेव्हाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये पैसे देऊन आणलेले भाडोत्री खेळाडू सर्रास दिसत; काहींचं नाव पटावर असे, पण वर्गात ते फिरकतही नसत. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन या सात विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी संघटना उभी केली. तिच्या अधिकृत नावातच ‘प्राध्यापक प्रतिनिधींची कॉन्फरन्स’ असा उल्लेख होता. यातली बरीच नावं मराठी घरांना परकी नाहीत. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी पर्ड्यूला, इलिनॉयला, मिशिगनला गेलेलं कुणीतरी आपल्या ओळखीत असतंच.

खेळाचा हिंसकपणा हाही सुरुवातीपासूनचा प्रश्न. १९०५ च्या हंगामात देशभरात खेळाडूंचे इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या खळबळीतून जी राष्ट्रीय संस्था जन्माला आली तीच पुढे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना, म्हणून ओळखली जाऊ लागली. कॉलेजच्या मैदानात राष्ट्राध्यक्षांनी लक्ष घालणं २०२० मध्ये नवं नव्हतं, ते असं. फक्त रूझवेल्ट यांना खेळ सुरक्षित करून हवा होता आणि ११५ वर्षांनंतरच्या राष्ट्राध्यक्षांना तो लवकर सुरू करून हवा होता.

महासाथही या कॉन्फरन्सने आधी एकदा पाहिली होती. १९१८ च्या शरद ऋतूत पहिलं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझा एकाच वेळी अंगावर आले. विद्यार्थी लष्करी प्रशिक्षणात अडकले होते, प्रवासावर बंधनं होती आणि ऑक्टोबरमधले कितीतरी सामने साथीने खाल्ले. त्या वर्षीचा बिग टेनचा तक्ता आज पाहिला तरी नवल वाटतं. इलिनॉयने कॉन्फरन्समधले चार सामने जिंकले, मिशिगनने दोन आणि पर्ड्यूने एक. तिघेही अपराजित, म्हणून तिघेही सहविजेते. एका सामन्याच्या जोरावर पर्ड्यूला विजेतेपदात वाटा मिळाला. अंतिम सामना नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. विजेतेपद हा मानाचा भाग होता. त्याच्या पुढे कुठलं दार उघडत नव्हतं. त्यामुळे किमान किती सामने खेळावेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरायचं काही कारण नव्हतं.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मिशिगनने कोलंबस शहरात जाऊन ओहायो स्टेटला १४-० असं हरवलं. तिथून हे दोन संघ दरवर्षी एकमेकांशी भिडू लागले. महामंदी आली, दुसरं महायुद्ध झालं, सामना एकदाही चुकला नाही. २०१९ पर्यंत चाललेली ही सलग परंपरा एका साथीच्या वर्षात सुरू झाली आणि दुसऱ्या साथीच्या वर्षात तुटली. ती तुटल्यामुळेच ओहायो स्टेटचा सहावा सामना हुकला.

आता अंतिम सामन्याचं. कॉन्फरन्सचे दोन विभाग करायचे आणि विभागविजेत्यांची शेवटी एक लढत लावायची, ही पद्धत कॉलेज फुटबॉलच्या मानाने बरीच अलीकडची. एनसीएएच्या नियमावलीत बारा किंवा अधिक सदस्यांच्या कॉन्फरन्सला असा जादा सामना खेळण्याची मुभा होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी त्यातली संधी हेरली. कॉन्फरन्स बारा सदस्यांची केली आणि १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला पहिला सामना भरवला. अलाबामाने तो फ्लोरिडाविरुद्ध २८-२१ असा जिंकला. डिसेंबरच्या शनिवारी सगळा देश टीव्हीसमोर बसवणारा एक सामना हाती आला की बाकीचे मागे कसे राहतील? बिग टेनला मात्र वेळ लागला. पेन स्टेट आल्यावर ती अकरा सदस्यांची झाली आणि दीर्घकाळ तशीच राहिली. २०११ मध्ये नेब्रास्का आल्यावर बारा भरले आणि त्याच वर्षी पहिला अंतिम सामना झाला. विस्कॉन्सिनने मिशिगन स्टेटला ४२-३९ असं हरवलं.

२०१४ पासून राष्ट्रीय विजेता ठरवणारा चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला आणि या सामन्याचं वजन एकदम वाढलं. प्लेऑफसाठी निवडलेल्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ६० लाख डॉलर मिळत. निवड समितीसमोर कॉन्फरन्सचं विजेतेपद ही मोठी जमेची बाजू असे. जोडीला टीव्हीचे करार होतेच. ज्या संघटनेने भाडोत्री खेळाडू हटवण्यासाठी जन्म घेतला, तिच्या जुन्या सदस्य विद्यापीठांना महासाथीच्या आधी दरवर्षी प्रत्येकी पाच कोटी डॉलरहून अधिक वाटा मिळू लागला होता. मैदानात उतरणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे पगार नव्हता. मला वाटतं, २०२० मधला प्रत्येक निर्णय ही विषमता डोळ्यांसमोर ठेवूनच वाचायला हवा.

११ ऑगस्ट २०२० रोजी बिग टेनने शरद ऋतूतला हंगाम पुढे ढकलला. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ नेही तेच केलं. आयुक्त केविन वॉरन यांचं पदावरचं ते पहिलंच वर्ष. विद्यापीठप्रमुखांच्या मतदानात ११ विरुद्ध ३ असा कौल होता. विरोधात होती ओहायो स्टेट, आयोवा आणि नेब्रास्का. हा आकडा बाहेर आला तोही नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कॉन्फरन्सवर दावा ठोकल्यावर, न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतून. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (पास देऊन चढाई चालवणारा खेळाडू) जस्टिन फील्ड्स याने हंगाम परत सुरू करा अशी ऑनलाइन मागणी केली. तिला तीन लाखांहून अधिक लोकांनी पाठिंबा दिला. १ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वॉरन यांना फोन केला. निवडणुकीचं वर्ष होतं, आणि ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही चुरशीची राज्यं सगळी बिग टेनच्या मुलखातली.

डॉक्टरांची भीती पोकळ नव्हती. ओहायो स्टेटच्याच संशोधकांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचा एमआरआय काढला, तेव्हा चौघांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज असल्याची लक्षणं दिसली. नमुना अगदीच छोटा होता आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच कमी निघालं. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निर्णय घेणाऱ्यांपुढे हाती आलेलं तेवढंच होतं.

१६ सप्टेंबरला कॉन्फरन्सने एकमताने पाऊल मागे घेतलं. रोज अँटिजेन चाचणी करणं आता शक्य आहे, हे मुख्य कारण दिलं गेलं. नियम कडक होते. बाधित खेळाडूला सामना खेळायला किमान २१ दिवस थांबायचं, त्यात हृदयाची तपासणी. संघातल्या चाचण्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक बाधित आणि संपूर्ण चमूतले साडेसात टक्क्यांहून अधिक लोक बाधित निघाले, तर किमान सात दिवस सगळं बंद. मैदानं सामान्य प्रेक्षकांना बंदच राहिली.

खरी अडचण वेळापत्रकात होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २६ सप्टेंबरला खेळ सुरू केला, त्यामुळे रद्द झालेले सामने पुढे घ्यायला तिच्याकडे मोकळे आठवडे होते. बिग टेनची सुरुवात २३-२४ ऑक्टोबरला. प्लेऑफची निवड २० डिसेंबरला जाहीर होणार होती. मधल्या आठ आठवड्यांत आठ सामने आणि नवव्या शनिवारी अंतिम लढत, असं काठोकाठ वेळापत्रक बसवलं गेलं. एक सामना हुकला की हुकलाच. दुसऱ्याच आठवड्यापासून ते होऊ लागलं. पहिल्या सामन्यानंतर विस्कॉन्सिनमध्ये साथ शिरली आणि त्यांचे लागोपाठ दोन सामने गेले.

ओहायो स्टेटचे तीन गेले. मेरीलँडविरुद्धचा मेरीलँडमधल्या रुग्णांमुळे, इलिनॉयविरुद्धचा स्वतःच्या संघातल्या रुग्णांमुळे आणि १२ डिसेंबरचा मिशिगनविरुद्धचा मिशिगनमधल्या रुग्णांमुळे. तिन्हींपैकी दोन वेळा कारण समोरचा संघ होता, ही गोष्ट त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी वारंवार सांगितली आणि ती खरीच आहे. मुख्य प्रशिक्षक रायन डे स्वतः बाधित झाले, म्हणून मिशिगन स्टेटविरुद्ध संघाची धुरा लॅरी जॉन्सन यांनी सांभाळली.

आणि मग इंडियाना. बिग टेनच्या फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तळाशी राहिलेला हा संघ. तोवर १९६७ नंतर विजेतेपद नव्हतं. त्या वर्षी त्यांनी पेन स्टेटला ओव्हरटाइममध्ये ३६-३५ असं हरवलं. मिशिगनला हरवलं, १९८७ नंतर पहिल्यांदा. ओहायो स्टेटकडून ते ४२-३५ असे हरले, पण ३५-७ अशा पिछाडीवरून तिथवर आले होते, आणि क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सने ४९१ यार्डांचे पास दिले होते. आठवड्याभराने पेनिक्सच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. तरीही पुढच्या सामन्यात त्यांनी विस्कॉन्सिनला हरवलं. सहा विजय, एक पराभव. सहा सामन्यांची अट टिकली असती तर पूर्व विभागातून अंतिम सामन्याला तेच गेले असते.

मैदानावरचा हिशेब ओहायो स्टेटच्याच बाजूने होता: ते अपराजित, आणि इंडियानाला हरवलेले. म्हणून हा निकाल अन्याय्य होता असं मी म्हणणार नाही. पण पद्धत चुकीची होती. अट घालताना सामने रद्द होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं; अट त्याचसाठी होती. ती लागू व्हायची वेळ आली तेव्हा प्लेऑफमध्ये जाऊ शकणारा कॉन्फरन्सचा सर्वांत भक्कम संघ तिच्यात अडकला, म्हणून ती गेली. पाच सामने खेळलेला संघ इंडियाना असता आणि सहा खेळलेला ओहायो स्टेट, तर ९ डिसेंबरला अशी बैठक झाली असती यावर माझा विश्वास नाही.

त्याच महिन्यात इतरांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. पॅक-१२ मध्ये वॉशिंग्टनने विभाग जिंकला होता, पण कोविडमुळे संघ उतरू शकला नाही. त्याच्या जागी आलेल्या ऑरेगनने यूएससीला (साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ३१-२४ असं हरवून विजेतेपद नेलं. सन बेल्ट कॉन्फरन्सने अंतिम सामना रद्द करून लुइझियाना आणि कोस्टल कॅरोलायना यांना सहविजेते ठरवलं, अगदी १९१८ सारखं. एरवी स्वतंत्र राहणारं नोत्र दाम त्या एका वर्षापुरतं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळलं आणि अंतिम सामन्यात क्लेमसनकडून ३४-१० असं हरलं.

इंडियानापोलिसमधला सामना लोकांच्या अपेक्षेपेक्षा चुरशीचा झाला. नॉर्थवेस्टर्न मध्यंतराला १०-६ ने पुढे होतं. फील्ड्सच्या अंगठ्याला मार बसला होता, त्याचे २७ पैकी १२ च पास पोचले आणि दोन पास प्रतिस्पर्धी संघाने पकडले. त्यातला एक नॉर्थवेस्टर्नच्या ब्रँडन जोसेफने एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) एका हाताने घेतला. ख्रिस ओलाव्हे हा पास झेलणारा हुकमी रिसीव्हर संघात नव्हता. ओहायो स्टेटला तारलं ट्रे सर्मनने. ओक्लाहोमाहून त्याच वर्षी आलेला हा रनिंग बॅक २९ वेळा चेंडू घेऊन ३३१ यार्ड पळाला आणि दोन टचडाऊन केले. १९९५ मध्ये एडी जॉर्जने केलेला ३१४ यार्डांचा विद्यापीठाचा विक्रम त्याने मोडला.

ओहायो स्टेट प्लेऑफमध्ये गेला आणि १ जानेवारीला क्लेमसनला ४९-२८ असं हरवून अट काढणाऱ्यांचा अंदाज त्याने खरा ठरवला. ११ जानेवारीला अलाबामाने त्याला ५२-२४ असं हरवलं. सर्मन पहिल्याच चढाईत जखमी होऊन बाहेर गेला.

पुढच्या हंगामाआधी बिग टेनने वेगळाच नियम केला. कोविडमुळे संघ उतरवता आला नाही तर सामना रद्द धरला जाणार नव्हता, तो त्या संघाचा पराभव मानला जाणार होता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये कॉन्फरन्स १८ सदस्यांची झाली, विभाग मोडीत निघाले आणि प्लेऑफ बारा संघांचा झाला. ६ डिसेंबर २०२५ रोजी त्याच लुकास ऑइल स्टेडियममध्ये इंडियाना आणि ओहायो स्टेट, दोन्ही अपराजित, बिग टेनच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. इंडियानाने १३-१० असा विजय मिळवला, आणि या वेळी हरलेल्या संघालाही प्लेऑफमध्ये जागा मिळाली.